सूतिकागृहाच्या पडवीतल्या गजभिये बाई

गजभिये बाई कोणत्याही गरोदर स्त्रीला "कितवा महिना?" असे विचारीत नसत. हा प्रश्न आमच्याकडे भाजीवालीसुद्धा कोथिंबीर निवडता निवडता विचारते. बाई मात्र समोर आलेल्या स्त्रीच्या पोटाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत आणि म्हणत, "आज कोणता रंग आहे वं तुहा?" नवखी बाई गोंधळून जाई. कोणी हसे, कोणी लुगड्याचा पदर तोंडाला लावी. एखादीने रागाने "काळा" असे सांगितले तरी बाई दचकत नसत. "काळा तर काळा. काजळी बम आहे आपल्यापाशी," असे म्हणून त्या काजळीची भरलेली वाटी तिच्याकडे सरकवीत.

हे सर्व नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या मागे असलेल्या महानगरपालिकेच्या सूतिकागृहाच्या पडवीत चालत असे. काळ सत्तरीच्या दशकाच्या आरंभीचा. बाई एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी त्या मोकळ्या असत. तपासणीच्या दिवशी त्या गेरू, चुना, हळद, कपड्यांची नीळ आणि काजळी अशा वाट्या एका परातीत मांडून पडवीच्या कोपऱ्यात चटई अंथरीत. कुंचले म्हणजे कडुनिंबाच्या काड्या, दातवणासारख्या एका टोकाला चावून मऊ केलेल्या. रांगेत ताटकळणाऱ्या बायकांनी नाव पुकारले जाईपर्यंत तेथे बसावे आणि हाताला येईल ते काढावे, एवढाच त्यांचा कार्यक्रम होता.

माझा परिचय येथे नमूद करणे आवश्यक आहे. मी व्यवसायाने अर्जनवीस. जिल्हा कचेरीच्या आवारात माझे टेबल आणि टाइपरायटर आज इतकी वर्षे आहेत. माझे शिक्षण परिस्थितीमुळे सातवीवर थांबले, परंतु माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याचे कारण भल्याभल्या वकिलांना पडलेले नाही. सांगण्याचा हेतू असा की, माणसाचे दुःख नेमक्या शब्दांत मांडणे हा माझा रोजचा उद्योग होता आणि त्यात मी स्वतःला कोणापेक्षा कमी समजत नव्हतो. तरीही माझ्याच घरातील दुःखाला शब्द नव्हते.

माझी पत्नी सुमन त्या वेळी तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही बाळंतपणे सातव्या महिन्यात फसली होती. पहिला मुलगा जन्मला तो रडलाच नाही. दुसऱ्या वेळीही तेच झाले. त्यानंतर आमच्या घरात त्या दोघांविषयी बोलायचे नाही, असा अलिखित कायदा झाला. तो माझ्या आईने केला आणि मी पाळला. आई म्हणे, "गेलेल्याचं नाव काढलं का येणारं बिचकते." सुमन त्या कायद्याच्या पुढे गेली. तिने बोलणेच जवळजवळ बंद केले. विचारले तेवढे उत्तर देई, वाढले तेवढे अर्धे खाई आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राही.

आईने तिच्यासाठी आपल्या परीने उपाय केला होता. कापडाच्या दुकानातून मिळालेले एक कॅलेंडर तिने खाटेसमोर टांगले. त्यावर गुबगुबीत, गोरे, हातात लोण्याचा गोळा धरलेले बाळ होते. "याच्याकडे पाहत जा, म्हणजे लेकरू असंच होईल," असे आई तिला सकाळ-संध्याकाळ सांगे. हा आमच्याकडील घरोघरचा रिवाज आहे आणि त्यात आईचे प्रेमच होते. परंतु कॅलेंडर लागल्यापासून सुमनने कूस बदलणेही सोडले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून तिचे ब्लडप्रेशर पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "शरीर ठीक आहे. पण ही काही बोलत का नाही? थोडा वेळ तिला गजभिये बाईंजवळ बसवा." मला हे विचित्र वाटले. प्रौढ, विवाहित स्त्रीने शाळकरी मुलींप्रमाणे रंगात हात घालून काय साधणार, हे माझ्या लक्षात येईना. मी तसे स्पष्ट बोलूनही दाखवले.

बाई चटईवरूनच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पायरीवर बसा. तुमच्यासाठी नाही हे."

सुमनने त्या दिवशी काहीही काढले नाही. रंग कोणता या प्रश्नालाही उत्तर दिले नाही. तिने गेरूच्या वाटीत बोट घातले आणि ती ते गोल गोल फिरवत राहिली, गेरू सुकून बोटाला पापुद्रा धरेपर्यंत. बाईंनी तिला हटकले नाही, समजावले नाही. त्या शेजारी बसून स्वतःचे एक पपईचे झाड रंगवीत होत्या. सुमनचे नाव पुकारले गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज गेरू घोटला. बस झालं. पुढच्या खेपेला पाहू."

घरी परतताना मी सुमनला म्हणालो की पुन्हा जायचे नसेल तर नको. ती म्हणाली, "जाऊ." कित्येक दिवसांत तिने न विचारता काढलेला तो पहिला शब्द होता, म्हणून मी पुढे हरकत घेतली नाही.

बाईंची मते ठाम होती आणि ती त्या आपल्या बोलीत ठासून सांगत. शाळेत इन्स्पेक्टर आला की त्यांचे मराठी छापील पुस्तकासारखे होई, हे मी स्वतः ऐकले आहे. पडवीत मात्र त्या अस्सल नागपुरी होत. एखादी म्हणे, "मले चित्र येत नाही बाई." त्यावर बाई विचारीत, "तुह्या अंगणात रांगोळी कोण काढते?" "मीच." "मंग काहून खोटं बोलून राहिली?" कोणी फारच सुबक फुले काढू लागली तर त्यांना ते आवडत नसे. "हे तं तू पाहुण्यांसाठी काढून राहिली. तुह्यासाठी काढ." आणि कोणी त्यांच्या पाया पडून या रंगांनी बाळंतपण सुखरूप होईल का, असे विचारले की त्या चटकन पाय मागे घेत. "मी दवाई देत नाही वं. दवाई आत डॉक्टरीणबाई देते, ते रोज खायची. इथं फक्त जीव हलका होते."

हे त्यांना कुठून सुचले, हे मी एकदा विचारले होते. बाईंच्या घराण्याने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वेळी त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. पुढे त्यांची नेमणूक कुहीच्या बाजूला एका खेड्यात झाली. पती रेल्वेत, कायम फिरतीवर. पहिलटकरीण बाई भाड्याच्या खोलीत एकट्या. भोवती सगळी धानाची बांधी, नुसती भातखाचरे, आणि बोलायला माणूस नाही. "मंग मी खोलीची जमीन सारवायची अन् तिच्यावर काढत बसायची," त्या म्हणाल्या. "भेव वाटलं का भेव काढायची. नवऱ्याचा राग आला का नवरा काढायची, एवढा मोठा, कान धरलेला. सकाळी पुन्हा सारवून टाकायची. नाहीतर येडी झाली असती मी." त्यांचा मुलगा पुढे भिलाईच्या कारखान्यात लागला. तो लहानपणापासून शांत स्वभावाचा होता. त्याचे श्रेय लोक सारवलेल्या जमिनीला देत. बाई म्हणत, "त्याचा बाप शांत आहे म्हणून तो शांत आहे. उगाच काही लावू नका."

पडवीतल्या मंडळींत वाडीची शांता नावाची एक ट्रक ड्रायव्हरची बायको होती. ती दर खेपेला फक्त ट्रकच काढी. समोरून ट्रक, बाजूने ट्रक, मागून ट्रक, आणि मागच्या बाजूला लिंबू-मिरची. एकदा बाईंनी तिला म्हटले, "शांते, एखादं फूल काढ. लेकरू हॉर्न वाजवत येईन नाहीतर." शांता मान वर न करता म्हणाली, "याच्या बापाले याच्यातच पाह्यते मी. घरी कुठं दिसते तो." सगळ्या हसल्या आणि त्या हसण्यात मला सुमनचा आवाज ऐकू आला. मी पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचीत होतो. मी त्याचे पान बराच वेळ उलटले नाही.

कागदाची टंचाई पडू लागली तेव्हा मी माझ्याकडील वाया गेलेले टाइप केलेले कागद आणून दिले. त्यामुळे पुढच्या बाजूला जमिनीच्या फेरफाराची तक्रार आणि मागच्या बाजूला हळदी-निळीचा पोपट असे विलक्षण दस्तऐवज त्या काळात महालात बरेच फिरत होते. कागद दिल्यामुळे आपला तेथे काही अधिकार झाला असे मला वाटू लागले असावे, कारण एक दिवस मी पायरी सोडून चटईच्या कडेशी जाऊन बसलो. बाईंनी एक कोरा कागद आणि काडी माझ्यापुढे ठेवली.

मी म्हणालो, "बाई, मला कशाला? गरोदर ती आहे."

"पण लेकरू दोघांचं आहे ना भाऊ? दिवसभर तुम्ही दुसऱ्याच्या तक्रारी लिहिता. तुमची कोण लिहिते?"

मी काडी उचलली. पंधरा-वीस बायका पाहत होत्या, त्यामुळे माघार घेणे शोभले नसते. बराच विचार करून मी कागदाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ ओढली. पुढे हात चालेना.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले.

"समास. साहेबांना शेरा लिहायला जागा सोडावी लागते."

"इथं कोणता साहेब येऊन राहिला?"

शांता फिसकन हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात सुमनने माझा कागद स्वतःकडे ओढला आणि त्या रेघेला खालून वर लहान लहान पाने काढली. रेघेची वेल झाली. तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. आमच्या दोघांत त्या वर्षभरात झालेले ते सर्वांत मोठे संभाषण असेल.

सुमन नियमाने जाऊ लागली. ती जेवू लागली, गोळ्या न चुकता घेऊ लागली. मला वाटू लागले होते की प्रकरण निकालात निघाले. पण सातवा महिना लागला आणि ती एकदम थांबली. पडवीत जायचे नाही, खाटेवरून उठायचे नाही, पुन्हा भिंतीकडे तोंड. आईने देवाजवळ दिवा लावला. मी डॉक्टरीणबाईंना घरी आणले. त्यांनी तपासून सांगितले की सर्व व्यवस्थित आहे, मात्र हिला अशी कुढू देऊ नका. सगळे व्यवस्थित आहे हे आधीच्या दोन्ही वेळांनाही आम्ही ऐकले होते. सुमनला तेच आठवत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरीणबाईंकडून ऐकून, गजभिये बाई परात घेऊन आमच्या घरी आल्या. आल्याबरोबर त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. त्या आईला म्हणाल्या, "माय, हे लेकरू कोणाचं आहे?"

आई म्हणाली, "देवाचं आहे. तिनं पाहावं म्हणून लावलं."

"देवाचं लेकरू लोणी खाऊन राहिलं. हिच्या लेकराले हिनं पाह्यलं का नाही, कोणी विचारलं का हिले? उतरवू का मी हे? तुमच्या परवानगीनं."

आई देवाजवळच्या दिव्याची वात सारखी करू लागली. बाईंनी तो नकार मानला नाही. कॅलेंडर उतरवून त्यांनी गुंडाळून आदराने फडताळावर ठेवले. मग त्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या, वाट्या मांडल्या आणि आपले काहीतरी रंगवू लागल्या. सुमनशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मी कचेरीत जाण्यासाठी कोट घातला होता, पण दारातच उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने सुमन उठून बसली. मग खाली उतरली. तिने काजळीची वाटी घेतली आणि कागदावर एक लहानसे, मुटकुळे करून झोपलेले बाळ काढले. त्याच्या शेजारी दुसरे. दोघांवरून तिने हळदीचा हात फिरवला, पांघरूण घालावे तसा. त्यांच्या पुढे तिने तेवढीच जागा कोरी ठेवली.

आईने ते पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. "अशुभ आहे हे. भरल्या पोटी हे काढते का कोणी? फाड ते," असे म्हणत तिने कागदाला हात घातला.

बाईंनी तिचा हात धरला नाही. फक्त म्हणाल्या, "फाडा माय. पण पहिले तिले विचारा, हे कोण आहेत."

आईचा हात कागदावर तसाच होता. शेवटी तिने विचारले, "हा कोणता?"

"पहिला," सुमन म्हणाली. "त्याचे केस लय होते. इथपर्यंत आले होते." तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवले. "दाईनं मले एक घडी दाखवला होता. मंग तुम्ही नेला."

ते "तुम्ही" मला उद्देशून होते. त्याला मीच नेले होते, कापडात गुंडाळून, आणि मी ते कापड उघडून पाहिले नव्हते. त्याला केस होते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मी कोट काढून खुंटीला लावला आणि खाली बसलो.

सुमन बोलत राहिली. दुसऱ्याचे हात कसे होते, ते सांगितले. रोज सकाळी उठल्यावर पोटातले हलले की नाही हे पाहायचीच भीती वाटते, म्हणून डोळे उघडत नाही, हेही सांगितले. ती रडत होती, पण थांबली नाही. आई ऐकत होती. मग माझी आई, जिने आयुष्यात पाटी-पेन्सिल धरलेली नाही, तिने काजळीत बोट बुडवले आणि कागदाच्या कोपऱ्यात, सुमनच्या चित्रापासून थोडे दूर, एक टिपका ठेवला.

"माही बी एक होती," ती म्हणाली. "याच्या पहिले. पोरगी होती." आणि माझ्याकडे पाहून, "तुले नाही माहीत."

मला खरोखर माहीत नव्हते. माझ्या वडिलांना मरेपर्यंत तिने त्याविषयी एक अक्षर बोलू दिले नव्हते, हेही त्या दिवशीच कळले. त्या दोघी सासवा-सुना त्या कागदावर वाकून बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या आणि गजभिये बाई परात आवरीत होत्या. आईने त्या दिवशी बाईंना स्वयंपाकघरात पाट देऊन चहा पाजला. आमच्या गल्लीतील वाचकांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच लिहितो की तोवर अशा पाहुण्यांचा चहा आमच्याकडे ओसरीवर येत असे. बाईंनी चहा पिताना त्याविषयी काहीच दाखवले नाही. "साखर जास्त झाली माय," एवढेच म्हणाल्या.

सातवा महिना गेला. सुमनला भीती वाटली नाही असे मी म्हणणार नाही. वाटली की ती सांगे, आणि आई तिच्या पोटावर हात ठेवून बसे. आठव्यात ती पुन्हा पडवीत गेली, नवव्यात डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतले आणि एका सकाळी दहाच्या सुमारास आम्हाला मुलगी झाली. वजनाने थोडी कमी, परंतु आवाजाने अजिबात नाही. बाहेरच्या बाकावर आई आणि गजभिये बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. रडणे ऐकू आले तेव्हा आईने बाईंच्या खांद्यावर डोके टेकले. बाई म्हणाल्या, "रडून राहिली ना ते? ऐका मग. डोळे पुसा अन् ऐका."

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई मुलाकडे भिलाईला गेल्या. तिकडेच दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या, असे कळले. शेवटपर्यंत त्यांची प्रकृती चांगली होती आणि शेजारच्या सुना त्यांच्याकडे येऊन बसत, असे त्यांच्या मुलाने सांगितले. पडवीची चटई येथे कोणी तशी पुढे चालवली नाही. सुमन मात्र गल्लीतील एखादी गरोदर बाई गप्प गप्प दिसली की तिला आमच्या ओसरीवर बोलावते आणि पुढे गेरू ठेवते. उपदेश ती करीत नाही. मी ओसरीवरून उठून आत जातो.

बाईंची आठवण निघाली की मला आमच्या मुलीचे बारसे डोळ्यांपुढे येते. घर बायकांनी भरले होते. आई घुगऱ्या वाटत होती. गजभिये बाई पाळण्याशेजारी, सुमनच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. पलीकडच्या गल्लीत नव्याने राहायला आलेली एक बाई पाळण्यात डोकावून सहज म्हणाली, "किती गोड आहे. पहिलीच का?"

आमच्या शेजारणींना सर्व माहीत होते आणि त्या तोंडे फिरवून घुगऱ्यांकडे पाहू लागल्या. मी दारात होतो. माझी नजर आईकडे गेली.

सुमनने मुलीच्या अंगावरचे दुपटे सारखे केले आणि म्हणाली, "नाही जी. तिसरी आहे."

ती बाई गोंधळली. "मग मोठी दोघं?"

"ते गेले," माझी आई म्हणाली. घुगऱ्यांचे भांडे खाली ठेवून तिने पाळण्याची दोरी सुमनच्या हातात दिली आणि त्या बाईच्या जवळ बसली. "दोघंबी पोरं होते. मोठ्याले केस लय होते."